सर्व खर्च धरून कॅटामरानची दिवसभराची सहल: निवड कशी करावी आणि तयारी काय ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बेटावर आठवडाभराची सुट्टी ठरली आहे, बरोबर सत्तरीच्या आसपासचे आईवडील आणि सहा वर्षांचे मूल आहे, आणि त्यांतला एक दिवस कॅटामरानवर, म्हणजे दोन बुडांच्या शिडाच्या नौकेवर, घालवायचा आहे. सहल अशी हवी, की जेवण, पेये, स्नॉर्केलिंगचे (मुखवटा आणि नळी लावून, तोंड खाली करून पाण्यावर तरंगण्याचे) साहित्य आणि हॉटेलपासूनची ने-आण एकाच रकमेत यावी. आईला बोट लागते. समोर सात-आठ सहलींच्या याद्या आहेत, त्या वाचायला जवळजवळ सारख्याच आहेत, किमती मात्र दुपटीपर्यंत वेगळ्या आहेत. कोणती घ्यावी, कोणत्या दिवशी घ्यावी आणि निघण्यापूर्वी काय तयारी ठेवावी?

माझे बरेचसे काम अशाच नौकांवर आणि अशाच सहलींच्या नियोजनात झालेले आहे. त्या अनुभवावरून पहिला सल्ला हा, की या याद्या सर्वांत शेवटी वाचाव्यात. जेवणात एखादा पदार्थ कमी होता म्हणून कोणाचा दिवस वाया गेल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दोन तास आदळत जाणारी नौका, डोक्यावर सावली नसलेली दुपार आणि टेकायलाही जागा नसलेली गर्दी यांमुळे मात्र उत्तम जेवण असूनही संपूर्ण कुटुंबाला दिवस नकोसा झालेला अनेकदा पाहिला आहे. म्हणून आधी समुद्राचा, मग नौकेचा आणि त्यानंतर समाविष्ट गोष्टींचा विचार करावा, आणि तोही गटातील सर्वांत नाजूक व्यक्तीला समोर ठेवून करावा.

उष्ण कटिबंधातील पुष्कळ बेटांवर वर्षाचा मोठा भाग व्यापारी वारे ठरावीक दिशेने वाहतात. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून येतात, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. त्यामुळे बेटाची एक बाजू वाऱ्याच्या तोंडावर असते आणि दुसरी त्याच्या आडोशाला. कॅरिबियनमधील बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या मोठ्या लाटा फुटत असतात, तर पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र बहुतेक दिवस शांत असतो आणि दिवसाच्या सहली त्याच बाजूने जातात. मॉरिशसमध्ये जुलै-ऑगस्टच्या सुमारास आग्नेय वाऱ्यांचा जोर असतो, तेव्हा पूर्वेपेक्षा पश्चिम किनारा अधिक निवांत असतो. त्या बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळभित्तीने वेढलेले आहे, आणि भित्तीच्या आतले लगून, म्हणजे किनारा आणि भित्ती यांमधील उथळ पाणी, लाटांपासून पुष्कळ सुरक्षित राहते. म्हणूनच तिथे सहल कोणत्या किनाऱ्यावरून निघते याइतकाच, ती भित्तीच्या आतूनच जाते की बाहेरच्या खुल्या समुद्रात पडते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्रीसच्या एजियन समुद्रातील सँटोरिनीसारख्या बेटांवर व्यापारी वारे नसतात, पण जुलै आणि ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो आणि आकाशात एकही ढग नसताना समुद्र खवळवतो. सूर्यप्रकाशित दिवस म्हणजे शांत समुद्र, असे गृहीत धरणे हीच या सहलींच्या नियोजनातील सर्वांत सामान्य चूक आहे.

हवामानाचा अंदाज पाहताना तापमान आणि पावसाचे चिन्ह सोडून तीन गोष्टी शोधाव्यात: वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची व त्यांमधील कालावधी. समुद्रावरील वेग नॉटमध्ये सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत ११ ते १६ नॉट हा चौथा, १७ ते २१ हा पाचवा आणि २२ ते २७ हा सहावा टप्पा आहे. शिडावर चालणाऱ्या कॅटामरानला चौथा टप्पा सर्वांत आनंदाचा असतो. पाचव्यात सराव असलेल्यांना मजा येते आणि बोट लागणाऱ्यांना त्रास होतो, तर सहाव्या टप्प्यात लहान मुले आणि ज्येष्ठ यांना घेऊन खुल्या समुद्रात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिशेबाबत एवढे लक्षात ठेवावे, की आग्नेय वारा म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. लाटांचा कालावधी बहुतेक जण पाहतच नाहीत, वास्तविक त्यावरच पोटाची अवस्था ठरते. एक मीटरची लाट दर दहा सेकंदांनी आली तर नौका हळुवार वर-खाली होते, आणि तेवढीच लाट दर चार-पाच सेकंदांनी आली तर ती ठोके देते. शिवाय जमीन तापल्यावर समुद्रावरून येणारा वारा दुपारी वाढतो, म्हणून लांबचा पल्ला सकाळी उरकणारी सहल नेहमी अधिक सुखाची. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला इंजिनावर आणि परतताना वारा पाठीशी घेऊन शिडावर, असा मार्ग आखणारा कॅप्टन आपल्या प्रवाशांचा विचार करतो हे ओळखावे. सुट्टीच्या तारखा अजून बदलता येत असतील तर वादळांचा काळही पाहावा. अटलांटिकमध्ये तो अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, तर मॉरिशस ज्या भागात आहे त्या नैऋत्य हिंदी महासागरात चक्रीवादळे प्रामुख्याने नोव्हेंबर ते एप्रिल या काळात येतात.

आता नौकेकडे वळू. कॅटामरानला एकमेकांना समांतर अशी दोन अरुंद बुडे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रुंद डेकवर सर्व वावर असतो. एका बुडाची शिडाची नौका वाऱ्याबरोबर एका अंगावर कलते, तशी ही कलत नाही. टेबलावरची थाळी जागेवर राहते आणि ज्येष्ठांना धरून धरून का होईना, चालता येते. तिचे बूड पाण्यात फार खोल जात नसल्यामुळे ती किनाऱ्याच्या बरीच जवळ नांगर टाकू शकते. तथापि ‘कॅटामरान हलतच नाही’ हे विक्रेत्यांचे वाक्य खरे मानू नये. समोरून आखूड लाटा आल्या की पाणी दोन बुडांमधील भागाच्या खालच्या बाजूवर आदळते, आणि तो झटका एका बुडाच्या नौकेच्या संथ डोलण्यापेक्षा कित्येकांना अधिक त्रास देतो. छायाचित्रांत हमखास दिसणारी, पुढे दोन बुडांमध्ये ताणलेली बसायची जाळी सुंदर जागा आहे, पण तिथे सावली नसते, तुषार सतत अंगावर येतात आणि लाटेच्या दिवशी धक्काही सर्वांत जास्त बसतो. आईवडिलांची जागा मागच्या बाजूला, छपराखाली, मध्यरेषेच्या जवळ असावी.

किमतींतील दुपटीचा फरक बहुतेक वेळा जेवणामुळे पडत नाही. तो माणसांच्या संख्येमुळे पडतो. म्हणून आयोजकाला दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: नौकेला किती प्रवाशांचा परवाना आहे, आणि प्रत्यक्षात एका दिवशी किती जागा विकल्या जातात. परवान्याइतकी माणसे भरलेली नौका बेकायदा नसते, पण तिच्यावर सगळ्यांना एकाच वेळी सावली मिळेलच असे नाही. ‘सर्व प्रवासी एकाच वेळी सावलीत बसू शकतात का?’ हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असू शकते आणि जो उत्तर टाळतो त्याचे उत्तर कळलेलेच असते. त्याच वेळी स्वच्छतागृहे किती आहेत, कर्मचारी किती आहेत, आणि लोक पाण्यात उतरलेले असताना एखादा कर्मचारी अन्य कोणतेही काम न करता केवळ पाण्याकडे लक्ष ठेवून असतो का, हेही विचारावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी आणखी एक तपशील निर्णायक ठरतो: नौकेवर चढणे धक्क्यावरून आहे, लहान होडीतून आहे, की कमरेइतक्या पाण्यातून चालत जाऊन मागच्या पायऱ्यांवरून आहे.

सहलीचा जाहीर वेळ आणि पाण्यावरचा वेळ यांत मोठे अंतर असते. ‘सकाळी आठ ते संध्याकाळी पाच’ यात अनेकदा वेगवेगळ्या हॉटेलांवरून माणसे गोळा करणे, धक्क्यावरची नोंदणी आणि परतीचा तसाच फेरफटका धरलेला असतो. दोर सुटल्यापासून दोर बांधेपर्यंत किती तास, असे नेमके विचारावे. मग थोडे गणित करावे. दिवसाच्या सहलींतील कॅटामरान साधारण ६ ते ८ नॉटने चालते. ७ नॉट म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटर. तेव्हा २० किलोमीटरवरच्या लहान बेटाला जायला दीड तास आणि यायला दीड तास लागतो. पाण्यावरचे सहा तास मिळत असतील तर जेवण, पोहणे आणि किनाऱ्यावर उतरणे यांसाठी तीन तास उरतात, आणि त्यात कोणी तीन थांबे सांगत असेल तर प्रत्येक थांबा घाईचा होणार हे उघड आहे. ज्येष्ठ आणि लहान मूल बरोबर असताना दोन थांबे पुरेसे आहेत. जवळचा मार्ग आणि नांगर टाकून लांबलेला थांबा हेच अशा कुटुंबाला मानवते.

एवढे झाल्यावर समाविष्ट गोष्टींची यादी वाचावी, आणि ती वाचताना काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते शोधावे. सागरी उद्यानाचे प्रवेशशुल्क, बंदराचा कर, एखाद्या बेटावर उतरण्याचे शुल्क, टॉवेल, छायाचित्रे, पाण्यावरचे जादा खेळ आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी या गोष्टी ‘सर्वसमावेशक’ शब्दाच्या बाहेर राहण्याचीच शक्यता जास्त असते. पेयांबाबतही शब्द तपासावेत, कारण काही ठिकाणी ठरावीक पेयेच धरलेली असतात आणि पुष्कळ नौकांवर मद्य शेवटचे पोहणे संपल्यावरच दिले जाते. हा नियम ज्या नौकेवर आहे ती मी अधिक विश्वासाची मानतो. शाकाहार, ॲलर्जी किंवा मधुमेहामुळे जेवणाची ठरलेली वेळ असे काही असेल तर ते आरक्षणाच्या वेळी लेखी कळवावे आणि मासे-मांस व भाज्या एकाच जाळीवर भाजतात का हेही तेव्हाच विचारावे, कारण नांगर टाकल्यावर नौकेवर दुसरे स्वयंपाकघर नसते.

दिवस निवडताना सुट्टीचा दुसरा किंवा तिसरा दिवस घ्यावा. पहिल्या दिवशी प्रवासाचा थकवा असतो, आणि सहल शेवटच्या दिवसावर ठेवली तर वाऱ्यामुळे ती रद्द झाल्यास बदली दिवसच उरत नाही. शेवटच्या दिवसाचा आणखी एक अडसर आहे. काही नौकांवर स्नॉर्केलिंगबरोबर स्कूबा डायव्हिंगचीही (हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरण्याची) सोय असते, आणि एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य दंडक आहे. केवळ स्नॉर्केलिंग केल्यास हा प्रश्न येत नाही. आरक्षणाच्या अटींत दोन वाक्ये पाहावीत: हवामानामुळे सहल रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळते की फक्त दुसरी तारीख, आणि पुरेसे प्रवासी न मिळाल्यास आयोजकाला सहल रद्द करता येते का. निघायचे की नाही याचा निर्णय कॅप्टनचा असतो, आणि त्याने ‘आज नको’ म्हटले तर वाद घालू नये. त्याचबरोबर आपला प्रवासविमा अशा सागरी सहलीला लागू होतो का, हे घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

आता बोट लागण्याविषयी. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय हालचाल नोंदवते आणि डोळ्यांसमोरची आसने व भिंत स्थिर दिसते. या दोन संदेशांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळ सुरू होते. म्हणूनच क्षितिजाकडे पाहत मोकळ्या हवेत बसल्याने बरे वाटते, आणि खालच्या खोलीत जाऊन आडवे होणे, मोबाइलवर वाचणे किंवा स्वच्छतागृहात कोंडून घेणे यांमुळे त्रास वाढतो. औषध मळमळ सुरू झाल्यावर घेतले तर फारसा उपयोग होत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांसारख्या गोळ्या साधारणपणे निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात आणि त्यांनी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते. ही पट्टी काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांना चालत नाही, ज्येष्ठांमध्ये तिच्यामुळे गोंधळल्यासारखी अवस्था होऊ शकते, आणि ती लहान मुलांसाठी नाही. त्यामुळे आईसाठी कोणते औषध योग्य हे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारावे, आणि शक्य असल्यास सहलीच्या आधी एखाद्या निवांत दिवशी घरीच ते घेऊन पाहावे. सकाळी अगदी रिकाम्या पोटी निघू नये आणि तेलकट न्याहारीही करू नये. थोडेसे कोरडे खाणे आणि घोट-घोट पाणी सर्वांत बरे. उलटी होणारच असेल तर वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, कर्मचाऱ्याला सांगून जावे; त्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही.

उन्हाचा त्रास मात्र कळत नाही आणि संध्याकाळी उठतो, कारण वाऱ्यामुळे त्वचा तापल्याचे जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करते, आणि पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के किरणे पोहोचतात. तोंड खाली करून तासभर तरंगणाऱ्याची मान, पाठ आणि गुडघ्यांच्या मागची बाजू भाजते ती यामुळेच. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तो घातला की उन्हापासून बचाव करणारे मलम फक्त चेहरा, हात-पाय आणि पावलांची वरची बाजू एवढ्यालाच लागते, आणि ते दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. मलम निवडताना प्रवाळांचाही विचार करावा. पॅसिफिक महासागरातील पलाऊ या बेटराष्ट्राने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळांना घातक मानलेल्या अनेक घटकांच्या मलमांवर बंदी घातली, आणि हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. झिंक ऑक्साइडवर आधारलेले मलम बरोबर नेले तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

स्नॉर्केलिंगबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, कारण ते सोपे वाटते आणि म्हणूनच लोक तयारीविना उतरतात. सहलीच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या तलावात किंवा उभे राहता येईल अशा पाण्यात मुखवटा आणि नळी लावून केवळ श्वास घेण्याचा सराव करावा. वडील आणि मूल दोघांनाही अर्धा तास पुरेसा होतो. मुखवटा बसतो की नाही हे तपासण्याची रीत अशी, की पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास ओढावा. हात काढल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. कडेखाली केस आले किंवा दाट मिशी असली की पाणी झिरपते. चष्मा लागणाऱ्यांनी नंबरचा मुखवटा मिळेल का हे आधी विचारावे, आणि मुलाच्या मापाचे साहित्य व लाइफ जॅकेट नौकेवर आहे का याची खात्री आरक्षणापूर्वीच करावी. मोठ्यांचे जॅकेट आवळून मुलाला घालणे धोक्याचे आहे, कारण पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते.

पाण्यात तरंगण्याचे जॅकेट सर्वांनी घालावे, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. जोडीने उतरावे, सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे म्हणजे दमल्यावर परतीला पाणी मदत करते, आणि दर काही मिनिटांनी डोके वर काढून नौका कोठे आहे ते पाहावे. धाप लागली, छातीत जड वाटले किंवा विनाकारण घाबरल्यासारखे झाले तर तत्काळ पाठीवर वळावे, तोंडातील नळी काढावी आणि हात वर करून कर्मचाऱ्याला बोलवावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना उतरूच नये; वडिलांना हे आधीच समजावून सांगितले तर नौकेवर भीड पडत नाही. प्रवाळांवर उभे राहू नये, कासवांना हात लावू नये. डॉल्फिनच्या मागे नौका पळवण्याचे आश्वासन देणारी सहल मी सुचवणार नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये हवाईत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जाण्यास किंवा त्यांच्याबरोबर पोहण्यास बंदी घातली ती त्यांच्या दिवसाच्या विश्रांतीत व्यत्यय येतो म्हणूनच.

नौकेवरच्या वागण्याचे नियम कर्मचारी सांगतातच, तरी मुलाला तीन गोष्टी घरीच सांगाव्यात: चालताना एक हात नेहमी नौकेला धरलेला हवा, दोरांना आणि त्यांच्या चरख्यांना हात लावायचा नाही, आणि नौका धक्क्याला लागत असताना हात किंवा पाय मधल्या फटीत घालायचा नाही. पोहून परतताना इंजिन बंद असल्याची आणि शिडीकडे येण्याची खूण मिळेपर्यंत नौकेच्या मागच्या बाजूला जाऊ नये. सामान मऊ पिशवीत घ्यावे. त्यात कोरडे कपडे, टॉवेल, पट्टी असलेली टोपी, आईवडिलांची नेहमीची औषधे आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी एवढे पुरते. बहुतेक नौकांवर पादत्राणे काढून ठेवावी लागतात, म्हणून चटकन निघतील अशीच घालावीत.

या कुटुंबासाठी माझी निवड स्पष्ट आहे: आडोशाच्या किनाऱ्यावरून किंवा प्रवाळभित्तीच्या आतून जाणारी, सकाळी लवकर निघणारी, दोनच थांबे घेणारी आणि कमी माणसांची नौका, किंमत थोडी जास्त असली तरी. तीच नौका अर्ध्या दिवसाची सहलही देत असेल आणि आईचा त्रास तीव्र असेल, तर अर्धा दिवस घ्यावा. दोन किंवा तीन आयोजकांना प्रवाशांची संख्या, सावली, चढण्याची सोय, मुलाच्या मापाचे जॅकेट, पाण्यावरचे तास, यादीबाहेरची शुल्के आणि हवामानामुळे रद्द झाल्यास परतावा, हे प्रश्न एकाच संदेशात लिहून पाठवावेत. ज्याचे उत्तर प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्रपणे येईल त्याच्याकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचे आरक्षण करावे, आणि आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज पाहून त्याला फोन करून मार्ग तोच राहणार आहे ना, हे विचारून घ्यावे.